दिवेलागणीचा तास

आण्णा, आज दुपारी मी उर्दूत 'चादर' हा शब्द वाचला. कुणी सांगितला नाही, पुढचं अक्षर कुणी सुचवलं नाही. चे, अलिफ, दाल, रे. आधी नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा दिसल्या, मग ओठ हलले आणि शब्द तोंडातून बाहेर पडला. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबातली सून दुपारी घरातच लहान मुलांना उर्दू शिकवते. गेल्या पावसाळ्यापासून मीही तिच्याकडे जाते. मुलं चटईवर बसतात, माझे गुडघे वाकत नाहीत म्हणून मला खुर्ची. शब्द बरोबर आला तेव्हा ती पोरगी खूश झाली, पुढचे दात पडलेल्या दोन पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला संताप. इतका की पाणी प्यायचं निमित्त करून मी उठले, जिना चढून घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोची काच मध्यंतरी फुटली तेव्हा ती बदलायचंही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. राग मात्र आहे तिथंच आहे.

तुम्हाला आठवत नसेल तर मी आठवण करून देते, कारण सोयीचं तेवढंच आठवायची तुमची पद्धत होती. आपण औरंगपुऱ्यात भाड्यानं राहायचो. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं टीचभर अंगण. पोलीस अॅक्शन होऊन काही वर्षं उलटली होती. मी शाळेत मराठी शिकत होते आणि तुम्ही कचेरीत उर्दू लिहीत होतात. घरात बोलायचं मराठी आणि कागदावर लिहायचं उर्दू, ही तुमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची तऱ्हा होती, कारण निजामाच्या राज्यात तुमच्या शाळेनं तुम्हाला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. मग कचेरीचा कारभार मराठीत करायचं ठरलं आणि तुमच्यापुढं खात्याची परीक्षा येऊन उभी राहिली. पास झालात तर बढती, नाहीतर खालची जागा. मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला होता, पण तिथं तुमच्याच हाताखालचे चपराशी बसायचे. त्यांच्या मांडीला मांडी लावून मुळाक्षरं गिरवायचं तुमच्या जिवावर आलं. म्हणून एके दिवशी दिवेलागणीला तुम्ही पुढच्या दाराला कडी घातलीत, स्वयंपाकघरात येऊन आईच्या पाटावर बसलात आणि माझ्या हातातली पाटी ओढून घेतलीत. "चल, शिकीव मला," म्हणालात. "अन् भायेर बोलायचं नाय कुणापाशी."

मी नऊ वर्षांची होते. त्याआधी तुम्ही माझ्याशी किती बोलला होतात ते मला सांगता येणार नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही आलात, टोपी खुंटीला लावलीत की घर गप्प व्हायचं. आणि आता तोच माणूस माझ्यासमोर मांडी घालून बसला होता आणि मी काय सांगते त्याची वाट बघत होता. पहिल्या दिवशी तुम्ही पाटीच्या उजव्या कडेपासून लिहायला सुरुवात केलीत. मी फिसकन हसले आणि घाबरले. पण तुम्हीही हसलात, चुलीपुढं भाकरी थापणारी आईसुद्धा हसली. त्या घरात तिघं एकदम हसल्याचं मला दुसरं आठवत नाही. मग रोज तेच. बाहेर दिवे लागायला लागले की कडी, पाट, पाटी. वाचताना तुम्ही शब्दाखाली बोट ठेवायचात आणि तुमचं बोट जाड, माझं अक्षर मुंगीएवढं. "मोठं काढ अक्षर," तुम्ही म्हणायचात, "अन् दोन शब्दांत बोटाची जागा सोडीत जा." मी तसं लिहायला लागले. शाळेत बाई ओरडायच्या की पाटीवर चारच शब्द कसे काय मावले, मी उत्तर द्यायची नाही. कुणापाशी बोलायचं नव्हतं ना. तुम्ही मला 'मास्तरीणबाई' म्हणायला लागलात, आधी चेष्टेनं आणि नंतर सवयीनं. दिवसभर मी त्या तासाची वाट बघायची, आणि मला वाटायचं, तुम्हीही बघता.

थोड्याच दिवसांत चाचा आले. कचेरीत तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणारे, तुमचे जिवाचे दोस्त. त्यांनाही तीच परीक्षा होती आणि तीच लाज होती. मुसलमान माणूस स्वयंपाकघरात कसा बसवायचा म्हणून शाळा मागच्या अंगणात आली. त्यांच्या चहाचा कप निराळा, अंगणाच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा, आणि ते स्वतः उठून तो विसळून ठेवायचे. त्यांना कप निराळा का ते ठाऊक होतं आणि त्यांनी कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही. त्यांचा 'ळ' काही केल्या वळायचा नाही. 'बाळ' म्हणताना ते जीभ कुठं ठेवायची ते मला दाखवायला लावायचे आणि मी आ वासून दाखवायची. पण एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकली. "मुफत में नै सीखता मैं. एक तू सिखा, एक मैं सिखाता." त्यांनी बोरू तासून आणला होता. दर दिवशी जाताना ते मला उर्दूचं अक्षर काढून दाखवायचे आणि माझा हात त्यावर बसेपर्यंत तेच गिरवून घ्यायचे, पुढचं त्यानंतर. अलिफ, बे, पे. मी डावीकडून सुरुवात करायची आणि आता तुम्ही दोघं हसायचात. एकदा तुम्ही त्यांचं अक्षर पाहून म्हणालात, "याचं बघून गिरवू नको, याचा हात वाकडाय. परीक्षा होऊ दे. मंग मी सोता शिकवीन तुला." तुम्ही म्हणालात हे. चाचा साक्षीला होते, आई साक्षीला होती.

परीक्षा झाली. तुम्ही पास झालात, चाचा थोडक्यात राहिले. त्यांना सहा महिन्यांनी अजून एकदा बसता येणार होतं. तुम्ही पेढे आणलेत, गल्लीत वाटलेत. त्या दिवशी दिवेलागणीला मी पाटी धुऊन, पुसून अंगणात बसले. माझ्या मते आता माझी पाळी होती. तुम्ही आला नाहीत. तुम्ही पुढच्या खोलीत, दार सताड उघडं टाकून, मराठी पेपर मोठ्यानं वाचत बसला होतात, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असा. मला वाटलं, आजचा दिवस असेल. दुसऱ्या दिवशीही पेपर. तिसऱ्या दिवशीही. मग चाचा आले, नेहमीसारखे मागच्या दारानं, हातात नवा तासलेला बोरू घेऊन. तुम्ही आतून उठून आलात आणि अंगणाच्या त्या मागच्या दारातच उभे राहिलात, त्यांना उंबरा ओलांडायला जागा राहणार नाही असे. म्हणालात, "आता नाय जमायचं बाबा. पोरीचा अभ्यास असतो."

मी तिथंच अंगणात सागरगोटे खेळत होते, आण्णा. हातात सागरगोटे होते. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि मान हलवली. "सच है. बेटी का पढना पहले," म्हणाले आणि हात लांबवून बोरू दाराशेजारच्या कोनाड्यात, त्यांच्या त्या कपाजवळ ठेवून गेले. तुम्हाला रोज अर्धा तास द्यायचा होता, तोही तुमचा नाही, माझा. माझ्या वेळाचं काय करायचं ते मला विचारलंत का? मी दिला असता. मी हसत दिला असता. पण आता तुम्ही साहेबांच्या जवळच्या टेबलावर गेला होतात, नापास झालेल्या माणसाची ऊठबस घरी नको होती. शिवाय तुम्ही कसे पास झालात हे सांगणारा तो एकटाच होता. तुमच्या लाजेला तुम्ही माझ्या अभ्यासाचं पांघरूण घातलंत. दुसऱ्या खेपेलाही चाचा राहिले, खालच्या जागेवर गेले आणि मुदतीआधीच नोकरी सोडून फुलंब्रीला बायकोच्या माहेरच्या घरी राहायला गेले. तुम्ही त्यांना पोचवायलासुद्धा गेला नाहीत.

मी मात्र माझं मागणं सोडलं नव्हतं. पोर होते, तेवढं कळत नव्हतं. एके सकाळी तुम्ही दाढी करत होतात, मी पाटी घेऊन शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आण्णा, तुम्ही मला उर्दू शिकवणार होतात." तुमचा वस्तरा थांबला. आरशातूनच तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "काय चुलीत घालायचीय का ती आता? गेली ती. पुन्हा नाव काढलं तर पाटी फोडीन." तुम्ही पाटी फोडली नाहीत. त्याची गरजच पडली नाही. त्यानंतर मी तुमच्याकडे शिकायला म्हणून काही मागितलं नाही आणि तुमच्या हेही ध्यानात आलं नाही. आता इतक्या वर्षांनी मला कळतं की तो काळ वेगळा होता. ज्या लिपीत तुमचं निम्मं आयुष्य गेलं ती एका सरकारी हुकमानं उतरलेल्या भावाच्या मालासारखी झाली होती, ती कुणाच्या हातात दिसली तर लोक वळून बघायचे, आणि तुम्ही भ्याला होतात. मला हे सगळं कळतं. मी मास्तरीण झाले, जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना समजून घेतलं, तुम्हाला समजून घ्यायला मला काय लागतं? पण समजलं म्हणजे राग जातो असं कुणी सांगितलं?

तुमच्या निरोपाच्या समारंभाला मी हजर होते. तेव्हा मी शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा करून नुकती नोकरीला लागले होते. कचेरीच्या मोठ्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या, मी आणि आई शेवटच्या रांगेत. साहेब बोलले की हा माणूस संसाराच्या रगाड्यात, चाळिशी उलटल्यावर नवी लिपी शिकला, रोज शिकणं म्हणजे काय ते यांच्याकडून शिका. टाळ्या पडल्या. मग तुम्ही उठलात, हार सारखा केलात आणि सांगितलंत की कुणाची मदत नाही, वर्ग नाही, मास्तर नाही, एकट्यानं बसून शिकलो. एकट्यानं! मी उठून उभी राहणार होते. खरंच राहणार होते. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. "बस," म्हणाली, "चारचौघांत बापाची शोभा नको." ती म्हणाली म्हणून मी बसले. घरी येताना टांग्यात तुम्ही तो हार मला दिलात, पोरींना फुलं आवडतात म्हणून. मी तो मांडीवर धरून बसले, दुसरं काय करणार.

पुढची वर्षं मी दुरून पाहिली, पण फार दुरून नाही, कारण माझं सासर गावातलंच. निवृत्तीनंतर तुम्ही रोज संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचात. मी आले की एकच गाऱ्हाणं, हल्ली कुणी येत नाही, माणसं बदलली. माणसं कशाला बदलतील? तुम्ही कुणाकडे गेलात? ज्याच्याकडे आपण रोज थोडं जातो तो आपल्याकडे येतो, यात काय अवघड आहे? भांडं रोज घासलं नाही की काळं पडतं हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्याकडे वेळ नव्हता असंही नाही. वेळ इतका होता की तुम्हाला तो खायला उठायचा. पेपर तर तुम्ही सोडलाच होता, डोळे दुखतात म्हणायचात. मराठी लिहायचं कारण उरलं नव्हतं आणि उर्दू तुम्ही स्वतःच चुलीत घातली होती. माझी मुलगी तेव्हा लहान होती. मी दिवेलागणीला घरात सगळी कामं टाकून तिच्याजवळ बसायची, कधी पुस्तक घेऊन, कधी नुसतीच. आमच्या घरात याला अजून 'आईचा तास' म्हणतात. हे मी तुमच्याकडून शिकले असं कुणी म्हटलं तर माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. कारण ते खरं आहे.

मग तुम्हाला झटका आला. डावं अंग गेलं आणि जीभ गेली. उजवा हात चालत होता, नजर शाबूत होती. मी शाळेत रजा टाकून आईच्या मदतीला येऊन राहिले. डॉक्टर म्हणाले, हात चालतोय तर पाटी द्या, काय पाहिजे ते लिहितील. पाटी दिली. तुम्ही लिहिलंत आणि आम्हाला ते गिचमीड वाटलं. मी पाटी सरळ धरली, उलटी धरली. पाणी पाहिजे? तुम्ही मान हलवलीत, नाही. खिडकी? नाही. बेडपॅन? नाही, नाही. तुम्ही पुसून पुन्हा लिहायचात, पुन्हा तेच गिचमीड, आणि शेवटी पाटी छातीवर टाकून डोळे मिटून घ्यायचात. डॉक्टर म्हणाले, डोकंही भरकटलंय, मनाला लावून घेऊ नका. आम्ही रोज सकाळी तुमच्या अंगाखालून नुसती वरची चादर ओढून बदलायचो, दवाखान्यातल्यासारखी ताणून घालायचो, आणि तुम्ही रोज दुपारी कण्हायचात.

आईच्या लक्षात आलं. ती पाटीकडे बघत नव्हती, तुमच्या हाताकडे बघत होती. "अगं, हे उजवीकडून लिव्हायलेत," ती म्हणाली. "हे त्यांचं आधीचं आहे." मी पाटी घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अत्तरवाल्याकडे पळाले. त्यानं चष्मा लावून बराच वेळ पाहिली आणि कानाला हात लावला. म्हणाला, ही जुन्या कचेरीतली घसटी, भराभर ओढलेली अक्षरं, छापील असतं तर वाचलं असतं, हा हात ज्याला ठाऊक असेल त्यालाच हे लागेल. पहिला शब्द तेवढा 'चादर' असावा, त्याला वाटत होतं. मी घरी येऊन आईला हे सांगितलं. चादर तर आम्ही रोज बदलत होतो. आईनं एकच वाक्य उच्चारलं. "फुलंब्रीला जा."

मी पहिल्या गाडीनं गेले. चाचा अंगणात शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. पार वाळले होते, पण मला पाहताच ओळखलं. मी काय सांगणार, कसं सांगणार, याचा रस्ताभर विचार केला होता, ते काही लागलंच नाही. "आण्णांनी पाटीवर काही लिहिलंय, कुणाला वाचता येत नाही," एवढंच बोलले. त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि माझ्याबरोबर गाडीत बसले. औरंगपुऱ्यात पुढच्या दारानं आले. आईनं त्यांना पाणी दिलं, घरातल्या गडव्यानं, घरातल्या फुलपात्रात. त्यांनी पाटी हातभर लांब धरली आणि सहज वाचली, जसा कुणी आपल्याच घरच्या माणसाचा निरोप वाचतो. "लिखते हैं, चादर के नीचे मोमजामा सिमट गया है. पीठ को चुभता है." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मेणकापडाला चुणी पडलीया, बेटी. पाठीला टोचतीय."

आम्ही तुम्हाला कुशीवर वळवलं. चादर स्वच्छ होती, ताणलेली होती. तिच्याखाली मेणकापड दुमडलं होतं आणि त्या चुणीवर तुम्ही इतके दिवस पडून होतात. बंडी वर केली तर तिथली कातडी गेलेली होती. बंडी वर करून पाठ पाहावी हे आधी कुणाच्या मनात आलं नाही, कारण तुमच्या अंगाला हात लावायची त्या घरात कुणाला सवयच नव्हती, तुम्ही ती लागू दिली नव्हती. मी मेणकापड सरळ केलं. एका हाताचं काम. तेवढं करायला तुमच्या पोटच्या पोरीला तुमची ओळ वाचता येत नव्हती, आणि ती का येत नव्हती हे त्या खोलीत आपल्याला चौघांनाही ठाऊक होतं. तुम्ही चाचांकडे पाहिलंत आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला नाही आलं. मला वाटलं, आता रडताय होय. रोज एक अक्षर, आण्णा. दाढी करायला लागतो तेवढा वेळ. मी ती जखम धूत राहिले.

चाचा त्यानंतर रोज आले. रोज, फुलंब्रीहून, एसटीनं, दुपारी येऊन दिवेलागणीपर्यंत थांबायचे. तुम्ही लिहायचात, ते वाचायचे, आम्ही करायचो. लिहायचं काही नसलं तरी बसायचे. मागचं कुणी काढलं नाही. एकदा तुमचा डोळा लागला होता, तेव्हा ते हळूच मला म्हणाले, "बेटी, अपन जीम तक आए थे ना?" अलिफ, बे, पे, ते, टे, से, जीम. सातवं अक्षर. त्या दिवशी दारात तुम्ही त्यांना अडवलंत तेव्हा त्यांच्या मनात पुढचं अक्षर तयार होतं आणि ते इतकी वर्षं त्यांनी तसंच ठेवलं होतं. त्यांनी तुमच्याच पाटीच्या कोपऱ्यात 'चे' काढलं आणि माझ्याकडून गिरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. त्याच वर्षी, थंडीत, फुलंब्रीहून त्यांचीही बातमी आली. दहाव्याला लोक जमले आणि परत तेच बोलले की आण्णा म्हणजे शिकण्याची हौस, आण्णा म्हणजे माणसांचा लोभ. मी सगळ्यांना चहा दिला.

एका अक्षरावर मी किती वर्षं थांबले ते मोजत नाही. नोकरी होती, मुलगी होती, आईचं आजारपण होतं, आणि खरं म्हणजे त्या लिपीचा मला राग होता, जणू तिनंच काही केलं होतं. गेल्या पावसाळ्यात जिन्यात त्या खालच्या पोरांचं पाठांतर ऐकू आलं आणि ती 'जीम' म्हणाल्याबरोबर माझ्या तोंडून 'चे' निघून गेलं. दुसऱ्या दिवशी मी त्या सुनेच्या दारात उभी राहिले. ती फी घेईना, तेव्हा मी तिला चाचांचाच सौदा सांगितला. आता मी तिच्या पोरांचं मराठी घेते, ती माझं उर्दू घेते, आणि मधे जो चहा होतो त्याचे कप सगळे एकाच पातेल्यात विसळले जातात. हे सगळं तुम्हाला मिळालं असतं, तुमच्या स्वतःच्या अंगणात, फुकट. आपण दोघं कुठल्या कुठं पोचलो असतो. तुमची ओळ मला वाचता आली असती आणि तुम्ही ओट्यावर एकटे बसला नसता. एवढं सगळं तुम्ही कशासाठी घालवलंत? लोकांनी म्हणावं म्हणून, की एकट्यानं शिकला.

हे पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही. फाडणारही नाही, कुठल्यातरी पुस्तकात पडून राहील. तुम्हाला माफ केलं असं लिहीन म्हणून वाट बघत असाल तर ते मी लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. फक्त एक गोष्ट कबूल करते. हात दुखायला लागला म्हणून आत्ता थांबले आणि मागची पानं चाळली, एवढी पानं झालीच कशी म्हणून. तर सबंध पत्रभर मी अक्षर मोठं काढलं आहे, आणि दोन शब्दांत बोटाची जागा सोडली आहे.